दोन पोरं घेऊन विमानानं नागपूरला

१७ एप्रिल १९५५, रविवार
हिला जाऊन पाच महिने झाले. पोरं छान सावरलीत. श्रेय कुणाचं ते इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

नागपूरहून साडूंनी विमानाची तिकिटं पाठवलीत, जायची-यायची. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढं विमान. प्रमोदिनी, म्हणजे हिची बहीण (आई-वडील गेल्यापासून हिचं माहेर तेच), म्हणते सुट्टीत पोरांना आणा, आणि जमलं तर इथंच राहू द्या. तिला मूलबाळ नाही, तिचं दुःख मला कळतं. पण माझी पोरं मीच वाढवणार. एकटा बाप दोन पोरं घेऊन रुबाबात विमानातून उतरला की तिची खात्री पटेल.

१९ एप्रिल
थोरली बहीण आक्का गारगोटीहून आली. आल्या आल्या भांडण. म्हणाली, पोरास्नी अजून खरं सांगितलं न्हाईस व्हय?

ही गेली त्या दिवशी आम्हीच पोरांना सांगितलं होतं की आई माहेरी गेलीय. लहान पोरांना सगळेच असं सांगतात. बंडू सहाचा, लीला तीनची. चार दिवसांपुरतं म्हणून सांगितलं, ते तसंच राहून गेलं. आक्काला समजावलं की चाइल्ड सायकॉलॉजीप्रमाणं योग्य वेळ यावी लागते. ती म्हणाली, ती सायकॉलॉजी घाल चुलीत.

रविवारी सांगणार. नक्की.

२४ एप्रिल, रविवार
विमानाची प्रॅक्टिस. सोप्यात खुर्च्या एकामागं एक, कानात कापूस, मी पायलट. लीलानं कापूस नाकात घातला. दुपार डॉक्टरांकडं गेली. सांगायचं राहिलं.

३० एप्रिल
बंडूला भूगोलाची गोडी लागलीय. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, मुलगा शेवटी कुणाचा. नकाशात नागपूर पुन्हा पुन्हा दाखवायला लावतो. विमान मधे कुठं थांबतं का, विचारतो.

हिचं जांभळं लुगडं त्यानं बॅगेत भरलं. मी काढलं, तर परत भरलं. म्हणाला, लागेल. वर थंडी असते हे याला न सांगता कळलं. हुशार आहे.

३ मे, गाडीत
ठरलं. विमानात सांगायचं. वर शांत असतं, पोरं कुठं पळून जात नाहीत.

४ मे, नागपूर
शांत कसलं. पंख्यांची अशी घरघर की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. लीला माझ्या कोटावर दोनदा ओकली. कागदी पिशवी ओकण्यासाठी असते हे होस्टेसबाईंनी समजावेपर्यंत मी तीत पेपरमिंट भरून बसलेलो. शेवटी पुढच्या सीटवरच्या एका शेटजींनी लीलाला मांडीवर घेतलं, तेव्हा ती झोपली. एकंदरीत मी छान निभावलं.

बंडू सगळा वेळ काचेला नाक लावून. एकदाच वळला आणि माझ्या कानात ओरडला, आई विमानतळावर येणार ना? आवाजच इतका होता की मला नीट ऐकू आलं नाही, असंच म्हणावं लागेल. मी मान हलवली.

५ मे
काल विमानतळावर प्रमोदिनी आली होती. चेहरा, चाल, पदर खोचायची तऱ्हा, सगळं हिचंच. मलाच क्षणभर धडकी भरली. लीला जी तिच्या गळ्यात पडली ती अजून उतरली नाही. तिलाच आई म्हणते. प्रमोदिनी डोळे पुसते आणि ओ देते.

बंडू फसला नाही. मावशीच्या पाया पडला आणि घरात शिरला. सगळ्या खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं, गच्चीवर जाऊन आला. मग विचारलं, आईचं लुगडं कुठं ठेवू? मी म्हटलं, खुंटीवर.

उद्या सांगणार.

९ मे
उद्या.

१२ मे
परतीचं विमान उद्याचं. मी बॅगा भरत होतो. बंडूनं आपले आणि लीलाचे कपडे बाहेर काढून ठेवले. म्हणाला, दादा, तुम्ही व्हा पुढं. आई माहेरी गेलीय म्हणजे येणार इथंच. वाटेत कुठं थांबली असेल. आम्ही निघालो आणि मागनं ती आली, तर चुकामूक व्हायची.

किती मुद्देसूद बोलतो. प्रमोदिनी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

मी म्हटलं, बरं.

१५ मे, कोल्हापूर
प्रवास सुखाचा झाला. कोट स्वच्छ राहिला.

आक्कानं तीन ताटं मांडून ठेवली होती. माझ्या मागं दाराकडं बघत राहिली. मग म्हणाली, पोरं? मी झालं ते सांगितलं. पोरं तिथं चांगली राहतील, दिवाळीत गेलो की बंडूला नीट समजावून सांगीन, असंही सांगितलं.

तिनं दोन ताटं उचलली. म्हणाली, आई देवानं नेली. बाप तू नेलास.

मी वाद घातला नाही. मला ही हवी आहे. पोरं हवी आहेत. वाढलेलं जेवण तसंच राहिलं.