सैपाकखोली ताराबाईच्या नावे

मी, शकुनबाई भोजराज गिऱ्हेपुंजे, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा, अक्कल ठिकाणावर असताना, कोणी दटावले-फुसलावले नसताना, हे मृत्युपत्र अर्जनवीस भय्याजीकडून लिहवून घेते. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे.

१. धानाची तीन एकर बांधी व बैलजोडी मुलगा धनीराम याला. तो कष्टाळू आहे. हट्टीही आहे, पण तो गुण बापाचा.

२. मागची सैपाकखोली, परसातली सांदवाडी व भाताचा मोठा पितळी गंज ताराबाईला, कायमचे. धनीराम विचारेल, "काहून?" म्हणून कारण लिहविते. भय्याजी म्हणतो, मृत्युपत्रात गोष्टी लिहीत नाहीत. मी म्हटले, "मरून कोन राहिलं, तू का मी? लिही."

एकाहत्तर साली बांगलादेशच्या लढाईतून पळालेली माणसे गावाबाहेर छावणीत आली. मी तिथे सैपाकाला होते. त्यात एक चक्रवर्ती मास्तर. घर जळालेले, अंगावर एकच धोतर, पण जानवे जागेवर. त्याला नदीपार आणले ताराच्या बापाने, आपल्या डोंग्यात. ते कैवर्त, म्हणजे आपल्याकडचे मासे धरणारे ढिवर. डोंग्यात मांडीला मांडी लावून बसला तेव्हा विटाळ झाला नाही, भाताच्या रांगेत मात्र झाला! म्हणे, आमची चूल वेगळी पाहिजे. छावणीच्या साहेबाने दिलीही.

दुसऱ्या चुलीला बांबूचा तट्टा बांधला. पण दोन चुली मला एकटीला कुठून झेपणार? तट्ट्यामागे ताराच रांधायची, मी नेऊन वाढायची. मास्तर सहा महिने जेवला, गाल वर आले, आणि मोडक्या हिंदीत म्हणायचा, "शुद्ध खाने की बात ही अलग."

छावणीतल्या हगवणीत ताराचे मायबाप गेले. लढाई संपली, लोक परतले, ताराला मी घरी आणले. मास्तर जाता जाता तिची जात गावभर सांगून गेला. मेल्या, ज्याने जीव वाचवला त्याचीच पोर होती रे ती!

तेव्हापासून धनीरामने तिचा माठ वेगळा, थाळी वेगळी केली. तिच्या हातचे खात नाही. बाबू, वाताने माझी बोटे सात वर्षांपासून वळत नाहीत. "मायच्या हातची चव कोनाले नाही," म्हणत तू लाखोरी डाळीच्या वड्यांचा रस्सा ओरपतोस, तो तू शेतावर असताना ताराच करते. आता ओकारी काढू नको, सात वर्षे उशीर झाला.

३. माझ्यामागे तू ताराला घराबाहेर काढशील, ही मला धास्ती आहे. काढलेस तर निम्मी बांधी तिची.

४. माझी कबुली. मास्तराला हसते, पण मी तरी काय वेगळी? आधी छावणीत, मग सात वर्षे घरात, तिला लपवूनच रांधायला लावले. राशनकार्डात तिचे नाव घालताना 'कामवाली' सांगितले, गाव वाळीत टाकेल म्हणून. तारा समोरच होती. उठून भात उतरवायला गेली. त्याची मला फार लाज वाटते.

आज लिहविते: ताराबाई माझी मुलगी आहे. माझ्या तेरवीचा सैपाक तिनेच करावा, अंगणात, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्याला जेवायचे नसेल त्याने येऊ नये. लोक बोलतील ते बोलोत. मेलेल्या बाईले कोन वाळीत टाकते?

वाचून दाखवले, बरोबर आहे.
निशाणी अंगठा: शकुनबाई भोजराज गिऱ्हेपुंजे

साक्षीदार:
सोमाजी, शेजारी (सही)
देवकाबाई, सोमाजीची बायको (अंगठा). दोघांनीही तेरवीला जेवायला येण्याचे कबूल केले.

लिहिणार: भय्याजी, अर्जनवीस. मीही येईन.

लाखनी, ता. ९ फेब्रुवारी १९८५