दारावरची डहाळी

क्लाउझेन, ५ ऑक्टोबर १९६४

चि. सौ. ट्राउडी हिला आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

द्राक्षं उतरली, चेस्टनट भाजायला घेतले आणि तुझ्या बाबांनी नवी वाइन विक्रीला उघडून दारावर हिरवी डहाळी लावली. काल दुपारी तुझे यजमान आले. एकटेच, इस्त्रीच्या कोटात. डहाळी असेपर्यंत दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे तर आजोबांपासून चालत आलेलं. बाबांचा नाइलाज झाला. त्यांनी इटालियन जावयाला दाराजवळ वाऱ्यात बसवलं आणि जर्मनशिवाय शब्द काढला नाही. इटालियन त्यांना चांगलं येतं, पण ते खेचरावर ओरडण्यासाठी राखून ठेवलंय.

सिल्व्हानोंनी घोट घेतला आणि वाइन जरा पातळ आहे म्हणाले. ते मात्र बाबांना लगेच समजलं. तेव्हापासून घरात एकच विषय: रेल्वेत झेंडे हलवणाऱ्याला द्राक्षातलं काय डोंबल कळतं. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच ते तुमच्याविषयी बोलताहेत, म्हणून मी मध्ये तोंड घातलं नाही.

जड उचलू नकोस. माया आहेच, ती दर पत्रात वेगळी काय लिहू.

तुझी आई, नोटबुर्गा

त्रेंतो, १३ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

हे सर्दी घेऊन आले आणि खुशीत आहेत. म्हणतात, सासरेबुवांनी अख्ख्या दुपारी एकदा 'आणखी?' असं विचारलं, म्हणजे पाघळताहेत. दर रविवारी जाणार म्हणे. वाइन पातळ का म्हणालात असं मी विचारलं, तर म्हणाले, पातळ होती म्हणून.

माझं मात्र ठरलंय, आई. ज्या घरात नवऱ्याला गिऱ्हाईक म्हणून बसावं लागतं, तिथे मी लेक म्हणून येणार नाही. बाबांनी त्यांना आपणहून आत बोलवावं, नाहीतर नाताळात होणारं नातवंड फोटोत बघावं. बाळंतपणाला मला तू हवी आहेस, तरीही. हे लिहिताना रडू आलं, पण खोडत नाही. हे पत्र बाबांना वाचून दाखव.

बाबांना नमस्कार. पोचेल तेवढा पोचव.

तुझी ट्राउडी

क्लाउझेन, ९ नोव्हेंबर

चि. सौ. ट्राउडी हिला अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून दाखवलं होतं. बाबांनी ऐकलं आणि खेचराला पाणी पाजायला गेले. पुढचे रविवार तुझे यजमान येत राहिले, दाराजवळ बसत राहिले.

काल सकाळी मात्र बाबांनी डहाळीच काढून टाकली. दोन पिंपं भरलेली असताना! मी त्यांना नको नको ते बोलले. दुपारी सिल्व्हानो आले. त्यांनी डहाळी नसलेला दरवाजा पाहिला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि उताराला लागले. तेवढ्यात बाबा खिडकीतून ओरडले, तेही चक्क इटालियनमध्ये, की कुठे निघालात, डहाळी काढलीय ती गिऱ्हाइकं येऊ नयेत म्हणून, घरच्या माणसाला आत यायला डहाळी कशाला लागते. खेचराने मान वर करून पाहिलं.

मग दोघं शेगडीजवळ बसले. सिल्व्हानो पुन्हा म्हणाले, पातळच आहे. बाबा म्हणाले की यंदा पाऊस फार झाला, आणि तळघरातून जुनी बाटली घेऊन आले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

खाली बाबांना लिहायचंय म्हणे. माझं पत्र त्यांच्यासाठी आवरतं घेते.

तुझी आई

ट्राउडी,
माळ्यावरचा पाळणा उतरवला. एक पाय डुगडुगत होता. तुझ्या नवऱ्याने तिरका खिळा मारला. मी काढून सरळ मारला. तरी डुगडुगतोय. रविवारी तो येईल तेव्हा पुन्हा बघू. तू पण ये.

बाबा