नसलेल्या चौथ्या मजल्याबाबत

दिनांक : ११, मंगळवार

प्रति,
माननीय शाखा अधिकारी,
इमारत तपासणी व तक्रार शाखा,
नगर कार्यालय, जिन्याजवळची खोली.

विषय : माझी कथा तक्रार म्हणून दाखल झाली असून ती परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, जावक क्रमांक ४४१७.
२) आपल्या निरीक्षकांनी टेप लावून केलेली आमच्या गच्चीची मोजणी.
३) आमच्या यजमानांचा वेंधळेपणा.

महोदय,

१. मी खाली सही करणार, वय वर्षे त्रेसष्ट, तेहतीस वर्षे टंकलेखिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. मजकूर साहेबांचा, सही साहेबांची, चूक निघाली तर तेवढी माझी, असा एकंदर कारभार होता. निवृत्तीनंतर घरच्यांनी भरतकाम सुचवले. मी कथा लिहायला घेतली. नणंदबाई म्हणाल्या, "या वयात?" याआधीच्या वयात सवड नव्हती, असे मी त्यांना नम्रपणे कळवले.

२. अडचण अशी की मला अर्जाखेरीज दुसरी भाषाच येत नाही. सूर्य मावळला असे लिहायला जावे, तर 'सूर्य मावळल्याचे निदर्शनास आले' असे उतरते. सबब मी कथाच अर्जाच्या रूपात लिहिली. ती थोडक्यात अशी : तिसऱ्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक घड्याळजी एकटे राहतात. रोज दुपारी चार वाजता त्यांना डोक्यावर कोणीतरी चालल्याचा आवाज येतो. वर मजला नाही, गच्चीला कुलूप आहे. ते तक्रार करायला बसतात, आणि लिहिता लिहिता कबूल करतात की हल्ली आपण त्या पावलांवरच घड्याळ लावतो. मग एके दिवशी पावले बंद होतात. इथे कथा संपली, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे म्हणजे मला पुढे सुचत नव्हते.

३. त्याच दिवशी मी आपल्या कार्यालयासाठी आमच्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराचा अर्जही तयार केला होता. दोन्ही पाकिटे टेबलावर ठेवून यजमानांना सांगितले, की डावीकडचे कार्यालयात द्या, उजवीकडचे टपालात टाका. ते टेबलाच्या पलीकडे उभे होते. जन्मभर प्रत्येक कागदाची नक्कल ठेवणाऱ्या मी या कथेची मात्र ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

४. परिणामी गटाराचा अर्ज एका मासिकाच्या संपादकांकडे गेला आणि त्यांनी तो स्वीकारला. "निवेदन रोखठोक आहे, दुर्गंधी अंगावर येते," असे त्यांचे पत्र आहे. मोह झाला, हे लपवत नाही. तरीही ते खरेच गटार असल्याचे मी त्यांना कळवले. संपादक भले गृहस्थ. खरी कथा वीस तारखेपर्यंत पाठवा, जागा राखून ठेवतो, असे त्यांनी उलट टपाली लिहिले. आज अकरा तारीख आहे.

५. इकडे आपल्या शाखेने कथेला आवक क्रमांक दिला. आपले निरीक्षक घरी येऊन घड्याळजींची चौकशी करू लागले. यजमान म्हणाले, "ते हिच्या डोक्यात राहतात." निरीक्षकांनी 'तक्रारदार सदर महिलेकडे वास्तव्यास' अशी नोंद घेतली, गच्ची मोजली, चहा घेतला व गेले. त्यानंतर आपले संदर्भ क्रमांक एकचे पत्र आले, की इमारतीस चौथा मजला आढळून आला नाही, तरी तो विनापरवाना पाडल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा असा, की सदर मजला मी बांधला नाही व पाडलाही नाही. तिथून फक्त आवाज काढला.

६. कथा परत मागण्यासाठी मी समक्ष हजर झाले. टेबल क्रमांक चारच्या कारकुनांनी सांगितले, की तक्रार मागे घ्यायला तक्रारदाराची सही लागते, नाहीतर नातेवाइकाची. फॉर्मवर पत्नी, मुलगी, वारस असे रकाने होते. लेखिकेचा नव्हता. बराच विचार करून मी 'आई' असे लिहिले. कारकून म्हणाले, "काकू, मुलगा तुमच्याहून पंधरा वर्षांनी मोठा आहे."

७. पुढे त्यांनी फाइल उघडून नियम दाखवला. अपूर्ण अर्ज परत करता येत नाही. आणि आपल्या शाखेचा शेरा होता : 'पावले बंद झाल्यावर तक्रारदाराने काय केले, याचा उल्लेख नाही. शेवटचे पान जोडावे.' म्हणजे पान दिल्याशिवाय कथा मिळणार नाही, आणि कथा हाती आल्याशिवाय मला पान सुचणार नाही. मी भांडायच्या तयारीने आले होते. पण त्याच कागदावर खाली इतर टेबलांचेही शेरे होते. एक : 'वाचले.' दुसरा : 'पुन्हा वाचले.' तिसरा : 'फाइल घरी नेली होती, सबब एक दिवस विलंब.' महोदय, तेहतीस वर्षांत मला पुढचे वाक्य सगळ्यांनी सांगितले, विचारले कोणीच नाही. मला तिथेच रडू आले. शिपाईबाईंनी पाणी आणून दिले.

८. मी उठताना कारकून हळूच म्हणाले, "काकू, नियम राहू द्या. म्हातारा वर गेला की नाही, तेवढं तरी सांगा." तोवर मला ते माहीत नव्हते. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर तासाभरात शेवटचे पान लिहिले. घड्याळजी कुलूप काढवून गच्चीवर जातात. वर कोणी नसते. चार वाजलेले असतात. मग ते स्वतःच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागतात. खाली आपली खोली रिकामी आहे हे त्यांना ठाऊक आहे, तरी ते पाय जरा वाजवूनच टाकतात.

९. सबब विनंती, की सदर पान फाइलला जोडून अर्ज पूर्ण समजावा, तक्रार निकाली काढावी, आणि मूळ कागद वीस तारखेपूर्वी मला मिळावेत. नियमात बसत नसल्यास निदान समोर बसून उतरवून घेण्याची परवानगी द्यावी. माझा हात अजून चालतो.

१०. वरील विनंती मान्य होवो वा न होवो, एक गोष्ट मात्र पदरात घालावी. हे पान चारही टेबलांवर फिरवावे आणि आवडले की नाही, ते प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. 'वाचले' एवढा शेरा या खेपेस चालणार नाही. आवडले नसेल तर तसेच लिहावे, भीड बाळगू नये. मी दुसरे लिहीन.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
कथालेखिका, तिसरा मजला

सोबत : १) संपादकांचे पत्र.
२) शेवटचे पान. मागील बाजूस आपला 'मृत जनावर उचलणेबाबत'चा फॉर्म छापलेला आहे, त्याचा कथेशी संबंध जोडू नये.