पंपाची बॅटरी

सोलापूर,
सोमवार, १९ जानेवारी

प्रिय ज्ञानूदादा,

नमस्कार. चिंचोळीच्या कारखान्यात पाळी बदलून मिळाली का? तुझा खोकला कसा आहे? वहिनीला सांग, तिनं दिलेली चटणी संपली. दोनदा फोन लावला आणि खोकल्याचं विचारून ठेवून दिला. म्हणून आता पत्र. हसू नकोस.

परवा सिद्धनाथ मेंढक्याच्या कळपाला लस टोचायला निघाले होते. डांबरी संपल्यावर तासभर नुसते दगड आणि बाभळी. ओढ्यातल्या वाळूतून गाडी ढकलत काढली, दमले, भाकरी खायला बसले आणि किल्ली चालूच राहिली. बॅटरी आधीच म्हातारी. बटण दाबलं तर नुसतं टक्. किक नसलेली गाडी घेऊ नको म्हणून तू सांगितलं होतंस. तुझं ऐकलं असतं तर मी ऋतुजा कसली!

दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलली, पण वाळूत चाकच फिरेना. फोनला रेंज नाही. लसीच्या डब्यातला बर्फ दुपारपर्यंतचाच, आणि शेजारच्या वाडीत मेंढ्या मरायला लागलेल्या.

जवळच मुक्ताबाई म्हणून एक बाई हरभऱ्यावर औषध फवारत होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि वर सल्लाही दिला.

"कशाला जीव काढतीस? आज लस आलीच न्हाय म्हणून सांग की. कोण बगायला येतंय?"

दादा, ते ऐकलं आणि मी पुन्हा गाडीकडे वळले. मग त्यांच्या पाठीवरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपाकडे लक्ष गेलं. म्हटलं, मावशी, ह्याची बॅटरी काढू का? आधी त्या बिचकल्या, मग स्वतःच विळा आणून दिला. खोपीतली वायर सोलली, लालला लाल, काळ्याला काळी जोडली. दोनदा नुसती घरघर. तिसऱ्यांदा गाडी चालू झाली. मग कुठंही न थांबता कळपापर्यंत गेले. डबा उघडला तेव्हा बर्फाचा एक तुकडा उरला होता. एकूण एक मेंढीला लस टोचली.

आता खरं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या कळपाला लस द्यायच्या दिवशी लस आली होती. सकाळीच आली होती. अशीच किल्ली चालू राहून माझी गाडी बंद पडली होती. नवी नोकरी, जनावरांच्या दवाखान्यात सगळे हसतील म्हणून मी तुला कळवलं की लस आलीच नाही. पुढच्या आठवड्यात येते म्हटलं. त्या आठवड्यात एकोणचाळीस मेंढ्या गेल्या.

बार्शीच्या बाजारातून आणलेल्या मेंढ्यानं रोग आणला, माझंच चुकलं, असं तू अजून म्हणतोस. उरलेल्या मेंढ्या विकून तू कारखान्यात गेलास तेव्हाही हेच म्हणालास. मी समोर बसून चहा प्यायले. तुझं चुकलं नव्हतं, दादा. लस वेळेवर मिळाली असती तर तो मेंढा आला तरी कळप वाचला असता. मी भित्री निघाले.

माफ कर असं म्हणायला तोंड नाही. पण हे तुला माझ्या तोंडूनही ऐकायचा हक्क आहे. रविवारी तुझ्या खोलीवर येते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी बाहेर उभी राहीन.

गाडी चालू झाली नाही तर चालत येईन.

तुझी धाकटी,
ऋतुजा