कालचं फूल

८ नोव्हें., शनि.
मागच्या खोलीतली थं. पे. (थंड पेटी म्हणजे एका दुकानातून विकत आणलेला जुना काचेचा फ्रिजच, पण नाव चांगलं हवं) पास! अंजनगावहून दादाने पाठवलेला झेंडू तीन दिवसांनीही टवटवीत. दिवाळीनंतर भाव पडला की दादा पाट्याच्या पाट्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ओततो, बघवत नाही. आता नाही ओतावं लागणार, पेटीत ठेवायचा आणि भाव आला की विकायचा. तिकडच्या ज्या ज्या फूलशेतीवाल्यांना पेटीबद्दल विचारलं ते सगळे हो म्हणाले. "लय चांगलं काम हाय ताई, कराच." घरोघरी चहा. 'सुरू केव्हा करता?' हे मात्र एकानेही विचारलं नाही. उगाच आठवतंय.

११ नोव्हें., मंगळ.
अकोला, फूलबाजार. मंगलाबाई हार करतात, दादाचाच माल घेतात. त्यांच्यापुढे पेटीतली फुलं ठेवली. त्यांनी एक मुठीत धरलं.
"थंडगार लागून राहिलं. कवाचं हाय?"
मी तोऱ्यात, सहा दिवसांचं!
फूल परत पाटीत. हात पदराला पुसला. "चांगलं हाय वो. चहा घ्या."
बसले तासभर. येईल ते गिऱ्हाईक आधी एकच विचारतं, "आजची हायेत ना? देवाले पाह्यजेत." भाव त्यानंतर.
पेटीतली फुलं पिशवीत भरून परतले.

१३ नोव्हें., गुरु.
दादाचा फोन. हरभऱ्याचं बियाणं घरात आणून ठेवलंय, पण पेरत नाही म्हणाला. "तुयी पेटी हाय ना, मंग सगळ्या वावरात झेंडूच लावतो. रोपं रविवारी येतात."
म्हटलं, थोडं थांब.
"कावून? तूच तं म्हणे, फेका नाही लागनार."
मागे वहिनी हसत होती. मीच फोन ठेवला. भित्री कुठली.

१४ नोव्हें., शुक्र.
राजापेठेतल्या मांडववाल्याकडे गेले, शेवटची आशा. "आमी तं कापडाचीच फुलं लावतो, म्याडम. धुतली का झालं."
म्हणजे मी विचारलं कोणाला? ज्यांची फुलं वाया जातात त्यांना. ज्यांनी विकत घ्यायची त्यांना एकदाही नाही. चार पोरांना गणित शिकवते मी! दादाला सांगायचं. आज नको, उद्या.

१५, शनि.
नाही सांगितलं.

१६ नोव्हें., रवि.
पूजेला बसले. पेटीतला झेंडू ताटात होता, ताजाच दिसणारा. तरी उठून गॅलरीत गेले आणि कुंडीतलं जास्वंद तोडलं, धड उमललेलंही नव्हतं. देवाला वाहून झालं तेव्हा कळलं आपण काय केलं ते. ताट तसंच भरलेलं.
दादाचा मेसेज : "रोपं उतरवली. बाया आल्या. लावू ना?"
मागच्या खोलीत पेटी घरघरतेय. त्याला काय लिहू? लिहिलं, पुसलं. परत लिहितेय : "दादा, ऐक, माझंच चु..."
फोन आला त्याचा. वाजतोय.