दोन टोकांच्या दोन सह्या

१४ ऑगस्ट, सोमवार

पक्षी उलटे!

नऊपैकी पाच बाटिक कापडांचं मेण आज उकळत्या पाण्यात उतरवलं. दोरीवर टाकली आणि मी बघतच राहिले. सकाळचा अर्धा भाग हवा तसा — हस्तिदंती रंगावर बारीक फुलं. संध्याकाळचा अर्धा, गर्द निळीवर पक्षी — आणि सगळे पक्षी डोकं खाली, पाय वर. पाचही कापडांवर! उरलेल्या चारांवर अजून मेण आहे, पण रेखाटन तेच.

आठ महिन्यांचं काम. जाकार्तातला फॅशन शो एकवीस ऑक्टोबरला. हातानं मेण ओढून इतक्या दिवसांत दोन-तीन कापडं होतील, नऊ कुठली.

लिलिक, माझी शिवणारी, दोरीपाशी मान वाकडी करून उभी राहिली. म्हणाली, चांगले दिसतायत की. मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष?

१५ ऑगस्ट

रात्रीतून राग ओसरला. आता हिशेब मांडायचा. चूक कोणाची?

बू तार्वियानं, आमच्या तार्वियाबाईंनी, मेण ओढलं, म्हणजे तिची, असं काल वाटत होतं. पण आमच्या पकालोंगानचं 'पागी-सोरे' कापड असंच असतं — सकाळ-संध्याकाळ. मधून तिरकी रेघ, दोन्हीकडे दोन नक्ष्या. सकाळी एक टोक वर ठेवून नेसायचं, संध्याकाळी कापड फिरवून दुसरं. एकच चांगलं कापड परवडणाऱ्या बाईला दोन मिळतात. फिरवायचं, म्हणून दुसरा अर्धा उलटा काढतात. पदवीच्या वेळी यावर मी चाळीस पानं लिहिली होती! आणि स्वतःच्या पहिल्या कामात झगा असा आखला की पुढची बाजू सकाळ, मागची संध्याकाळ. फिरवायचा तो पाठपोट, मागची बाजू पुढे. त्याला दोन्ही अर्धे सरळ हवेत. मी नक्ष्या दोन सुट्या कागदांवर दिल्या. वरची बाजू कुठली, ते एकावरही लिहिलं नाही.

चूक माझी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या विसरता येणार नाही.

सतरा वर्षं जाकार्तात एका मोठ्या फॅशनवाल्या बाईंकडे कपड्यांची आखणी केली. कपडे माझे, गळ्यामागची पट्टी त्यांच्या नावाची. चव्वेचाळीसाव्या वर्षी परत आले ते एवढ्याचसाठी — एकदा तरी माझं नाव घेऊन माझे कपडे चालावेत. आणि आता पक्षी उलटे.

१७ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. गल्लीत दोऱ्यांना पापड टांगून हात न लावता खायची शर्यत. बू तार्विया, त्रेसष्ट वर्षांची, पहिली आली. मी लांबूनच घरी आले. भित्री!

१८ ऑगस्ट, शुक्रवार

गेले शेवटी. भरतीचं पाणी तिच्या ओसरीत घोट्याएवढं. स्टुलावर बसून, पाय विटांवर ठेवून ती लेखणीतलं गरम मेण फुंकून रेघा ओढत होती. पाणी येणार म्हणून काम थांबवायचं ठरवलं, तर इथं कुणाचंच काम होणार नाही.

मी आधी माझी चूक कबूल केली. मग हळूच विचारलं, की इतके पक्षी उलटे काढताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की मला विचारावं?

तिनं तांब्याची लेखणी कढईत ठेवली. "म्बाक, उलटे कुठायत? कापड फिरवा की."

वयानं वीस वर्षांनी मोठी, तरी मला 'म्बाक' म्हणते, ताई म्हणतात तसं. तिचा आदर बोचरा असतो.

मी म्हटलं, फिरवून नेसायला ही लुंगी नाही, झगा आहे. त्याला खांदे असतात, गळा असतो.

"मग कुणी सांगितलं होतं असं काही शिवायला, जे फिरवता येत नाही?"

आतून तिची सून फिस्कन हसली. मला मात्र हसू आलं नाही. पाण्यातून चालत घरी आले. पूर्ण रस्ता तेच वाक्य.

१९ ऑगस्ट

फिरवता येईल असा झगा. खांदे दोन्हीकडे! किंवा कुठेच नाहीत.

२४ ऑगस्ट

लिलिक आणि मी सहा दिवस जुन्या चादरी फाडतोय. आज जमलं — जमलं! कापड कापायचंच नाही. दोन कडा जोडून सरळ नळा करायचा. दोन्ही टोकांना कापडी बटणं. सकाळी वरच्या टोकाची बटणं लावली की तेच खांदे. संध्याकाळी ती सोडायची, झगा फिरवायचा, दुसऱ्या टोकाची लावायची. सकाळचा घेर संध्याकाळी गळा होतो. आणि पक्षी — सरळ! डोकं वर, चोच उघडी.

लिलिकनं घालून पाहिला, काढला, उलटा करून परत घातला. तिसऱ्यांदा घातल्यावर म्हणाली, "हा मला एक लागणार. आत्ताच सांगून ठेवते, नंतर तुम्ही मोठ्या व्हाल."

सकाळी आणलेला फणसाचा मेगोनो-भात पानातच वाळून गेला होता. संध्याकाळी तो दोघींनी तसाच खाल्ला. इतका चांगला कधी लागला नव्हता.

५ सप्टेंबर

जाकार्ताहून एका मासिकाच्या बाईंचा फोन. शोआधी लिहिणार आहेत. झग्याचं ऐकून त्या थक्क झाल्या. ही कल्पना कशी सुचली, असं विचारलं.

मी म्हटलं, "मला पागी-सोरेचा अभ्यास होता. एक दिवस मला सुचलं."

६ सप्टेंबर

मला सुचलं!

८ सप्टेंबर

दोन दिवस स्वतःशी वाद. एक मन म्हणतं — बू तार्वियानं नळा सुचवला? बटणं? नाही. ती फक्त वैतागून बोलली. दुसरं मन म्हणतं — जाकार्तातल्या माझ्या जुन्या बाईही अगदी असंच म्हणायच्या. "वेनिंगनं फक्त रेघा ओढल्या, विचार माझा." ते ऐकून मी सतरा वर्षं दात आवळले, आणि स्वतः मालकीण झाल्यावर पहिल्याच संधीला तेच वाक्य माझ्या तोंडात!

मासिकाच्या बाईंना फोन केला. खरं काय झालं ते सांगितलं, उलट्या पक्ष्यांसकट. त्या म्हणाल्या, यात तुम्ही जरा वेंधळ्या दिसता. मी म्हटलं, तसंच छापा.

१० सप्टेंबर, रविवार

बू तार्वियाकडे गेले. म्हटलं, झग्यांवर माझ्याबरोबर तुमचंही नाव घालायचं ठरवलंय. वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. (हे असं वाटणंही तपासायला हवं.)

ती म्हणाली, "कुठं घालणार? गळ्यामागं, घामात?"

खरंच की, या झग्याला गळ्यामागची जागाच नाही; दोन्ही टोकं सारखी.

मग तिनं चौकटीवरचं कापड ओढून कोपरा दाखवला. तिथं मेणात माझी सही. आमच्याकडे मालकाची सही कापडाच्या कोपऱ्यात मेणानंच काढतात, आणि ती काढते मेण ओढणारी बाई. हे मला माहीत होतं. पण आजवर कधी दिसलं नव्हतं.

"चाळीस वर्षांत अकरा मालकांच्या सह्या काढल्या. दोघं तर मेलेत, तरी हाताला पाठ आहेत." मग कापड परत चौकटीवर टाकत म्हणाली, "माझी कशी असते, ते बघावं लागेल."

ठरलं. एका टोकाला माझी सही, दुसऱ्या टोकाला तिची. सकाळी घेरावर एक, संध्याकाळी दुसरी. मेणातल्या चार कापडांवर ती स्वतः काढील, तयार पाचांवर लिलिक धाग्यानं भरील.

तिच्या सुनेनं रात्री फोनवर सांगितलं, मी निघाल्यावर तिनं नातीची वही मागून घेतली आणि पानंच्या पानं आपलं नाव लिहीत बसली. 'त'चं शेपूट तिला पटेना.

३ ऑक्टोबर

नऊही तयार. तिच्या सहीत 'त'ला पक्ष्याची चोच आहे. माझी सही शेजारी बँकेतल्यासारखी दिसते.

२१ ऑक्टोबर, शनिवार

झोपायच्या आधी लिहून ठेवते.

नऊ मुली सकाळ नेसून आल्या. ओळीत उभ्या राहिल्या. दिवे मंद झाले, बटणं सुटली, झगे फिरले — आणि नऊ संध्याकाळी उभ्या!  मग एक जण उठलं, मग रांग, मग सगळं सभागृह!

मी बू तार्वियाचा हात धरून पुढं आले. तिच्या अंगात सणाची हिरवी कबाया, पायात रबरी चपला. दुसरं काही घालायला तिनं साफ नकार दिला होता. टाळ्या थांबेनात, तेव्हा तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "एवढ्या उंच मुली, यांना घरी जेवायला घालत नाहीत का?"

माझ्या जुन्या बाई पहिल्या रांगेत होत्या. शो संपल्यावर आत कपडेपटात आल्या. झग्याचं टोक उचलून दोन्ही नावं वाचली. म्हणाल्या, दोन नावांनी गिऱ्हाईक गोंधळतं, मी हे केलं नसतं.

"माहीत आहे, बू," मी म्हटलं.

सतरा वर्षांचं उत्तर दोन शब्दांत झालं! यात थोडा खुनशीपणा होता. असू दे. आजच्यापुरता माफ.

२३ ऑक्टोबर

घरी. तीन शहरांतून मागण्या. सिंगापूरच्या एका दुकानाला तीस हवेत. लिलिकचा झगा आधी.

२० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून बू तार्विया माझ्याकडे काम करत नाही.

सिंगापूरची कापडं सांगायला गेले, तर दारावर निळी पाटी — तिचं नाव, चोचीसकट. ओसरीत चार चौकटी, चार बायका, आणि ती मध्ये फिरत एकीला पंख कसा वळवायचा ते दाखवतेय. मला बघून स्टूल पुढं सरकवलं, चहा दिला, माझं म्हणणं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आधी तिघींचं काम घेतलंय, म्बाक, तुमचं मार्चमध्ये धरू.

मी मार्चला हो म्हटलं आणि तिच्या वहीत माझं नाव लिहून आले. चौथं.