आत्याच्या दारावरचा कागद

तात्या, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि माझा राग अजून जागचा हललेला नाही. माणूस गेला की सगळं विसरावं म्हणतात. मला नाही जमलं. काल तर तो पुन्हा असा उफाळून आला की आज शाळेतून आल्या आल्या, चहासुद्धा न घेता लिहायला बसले आहे. आत्या आतल्या खोलीत झोपली आहे. तुमची सख्खी थोरली बहीण, एक्याऐंशी वर्षांची. बोईसरच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघीच असतो. खिडकीतून कारखान्यांचा वास येतो म्हणून ती पदर नाकाला लावून झोपते. माकुणसारला तिची वाडी होती, नारळ, सुपारी, पानवेली. आता गॅलरीत रंगाच्या डब्यात एकच पानवेल आहे आणि तिला ती दिवसातून दोनदा पाणी घालते.

तुम्ही पालघरच्या कोर्टात बेलीफ होता. समन्स घेऊन गावोगाव जायचं, ज्याच्या नावाचं त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची. घेतलं नाही तर दाराला चिकटवायचं आणि दोन पंचांची नावं घालून कोर्टाला अहवाल द्यायचा. त्यासाठीची खळ आई सोमवारी सकाळी ॲल्युमिनियमच्या टोपात शिजवायची, किडामुंगी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. तो टोप दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. लहानपणी एकदा मी तुमच्या पिशवीतला कागद काढून मोठ्याने वाचायला लागले, तर तुम्ही तो हातातून ओढून घेतलात. "दुसऱ्याच्या नावाचा कागद वाचायचा नाही. आपण पोचवायचा, बोलायचं काही नाही." तुम्ही आमच्यावर कधी हात उगारला नाहीत, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तुम्हाला इथली माणसं आतून-बाहेरून माहीत होती. मुरब्यापासून सफाळ्यापर्यंत सगळ्यांची समजूत एकच, कागद हातात घेतला नाही तर केस लागत नाही. बाया दार लावून घ्यायच्या, पुरुष मागच्या दाराने वाडीत पसार व्हायचे. "आमी घेत नाय, जावा तुमी," म्हणायचे आणि जिंकल्यासारखे हसायचे. तुम्ही शांतपणे लिहायचात, घेण्यास नकार. आणि नकार दिला की कायद्याच्या लेखी कागद पोचला. हे तुम्हाला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. एक वाक्य सांगायला काय जात होतं तुमचं? आईने विचारलं की म्हणायचात, "मी वकील नाही. एका बाजूला सांगितलं तर दुसऱ्या बाजूने काय म्हणावं?" भात कालवता कालवता म्हणायचात, जणू काही फार मोठी न्यायाची गोष्ट सांगितलीत.

मग आत्याच्या दिराने दावा लावला. घर आणि वाडी भावाने, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, मरण्यापूर्वी आपल्याला लिहून दिली, असं त्याचं म्हणणं. आत्या विधवा, मूलबाळ नाही, सहीच्या जागी अंगठा उठवणारी. ते समन्स तुम्ही दुसऱ्या बेलिफाकडे देऊ शकला असता. साहेबांना एवढंच सांगायचं होतं, बहीण आहे माझी. पण नाही, उद्या कोणी बोट दाखवायला नको म्हणून तुम्हीच गेलात. अंगणात सायकल माडाला टेकवून तुम्ही उभे आहात. आत्या सुपाऱ्या सोलते आहे. "पानी घे रे, उन्हाचा आलास," ती म्हणते. तुम्ही पाणी पिता आणि मग कागद पुढे करता. ती हात मागे घेते. "मी नाय घेनार. तुज्या हातचा तर नायच." आणि तुम्ही डबी उघडता, आईने शिजवलेली खळ बोटाने फासता, सख्ख्या बहिणीच्या दाराला कागद डकवता आणि सायकलवर बसता. हे सगळं आत्यानेच मला सांगितलंय, शंभर वेळा. शेवटी दर वेळी मान ताठ करून म्हणते, "मी कागद घेतलाच नाय."

तारखेला कोर्टात तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ती वाडीत पानं खुडत होती. तुम्ही त्याच कोर्टाच्या व्हरांड्यात होता, तात्या. ऐकला असेल ना पुकारा? निकाल एकतर्फी लागला. दोन वर्षांनी दिराने ताबा घेतला आणि ती एक ट्रंक आणि पानवेलीचं एक बेणं घेऊन माझ्याकडे आली. तुम्ही तिला तोंड दाखवलं नाहीत. वर्षभरात गेलात. नियमाने वागणारा माणूस म्हणून तुमचं नाव अजून काढतात पालघरला. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

काल रविवारी शेजारची वहिनी आली. जळगावकडची, नवरा इथे कारखान्यात आहे. कोर्टाचा कागद आता मोबाइलवरही येतो, तसा तिच्या नवऱ्याला आलेला. "मावशी, उघडू की नको?" आत्या म्हणाली, "नको उघडू. बगितलाच नाय तर लागत नाय. आमी पन घेतला नवता." मी पोळी तव्यावर टाकून बाहेर धावले. म्हटलं, उघड, आत्ताच्या आत्ता उघड, त्यात तारीख असते, गेलं नाही तर आपल्या मागे निकाल लागतो असं स्पष्ट छापलेलं असतं. तिने उघडलं. तारीख पुढच्याच आठवड्याची होती. ती घाईने निघून गेली. मग आत्याने विचारलं, "माज्या कागदावर पन तारीक व्हती?"

तुमच्यावर एवढं लिहिलं, आता माझं लिहिते. तुम्ही कागद लावलात त्यानंतरच्या रविवारी मी माकुणसारला गेले होते. सत्तावीस वर्षांची होते, सफाळ्याच्या शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवत होते. कागद दारावर तसाच होता, कोपरे वाळून वर आलेले. मी तो सगळा वाचला. तारखेला नऊ दिवस होते. आत्याने मागून विचारलं, "काय लिवलंय गो?" मला तुमचा तो आवाज आठवला, आणि खरं सांगायचं तर मला त्या भानगडीत पडायचंच नव्हतं. मी म्हणाले, "तात्यांना विचार." ज्याने कागद डकवला त्याला ती कशाला विचारील?

काल मी तिला म्हणाले, "हो, होती तारीख. तात्यांना माहीत होतं." तेवढंच म्हणाले. हे पत्र टेबलावर उघडं राहिलं तरी हरकत नाही, आत्याला वाचता येत नाही.